गाडीची कवळी

ठकीचे बाबा गाडी कानानं चालवायचे. ऐकणाऱ्याला ही थट्टा वाटायची, पण खरंच तसं होतं. उभी हयात त्यांनी शहराची बस चालवली. डेपोच्या फाटकातून दुसऱ्या कुणाची बस आत शिरली, की हे आपल्या खिडकीतून ओरडायचे, "अरे, पट्टा सैल झालाय तुझा!" आणि बॉनेट उघडून बघावं तर पट्टा खरोखरच सैल. नोकरी संपली आणि त्यांच्याकडे उरली ती एक जुनी निळी मोटार, चौकोनी तोंडाची. तिची कुरकुर, तिचं गुणगुणणं, चढावर किंचित बसणारा तिचा आवाज, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. डॅशबोर्डावरचा तापमानाचा नखाएवढा काटा कधीच मरून पडला होता. तो दुरुस्त करावा असं त्यांच्या मनातही आलं नाही.

मग कान गेले. एकदम नाही, हप्त्याहप्त्यानं. आधी दाराची घंटा ऐकू येईनाशी झाली, मग फोन, मग आईचं बोलणं. "माझं बोलणं तर त्यांनी मुद्दामच घालवलंय," आई म्हणायची. डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलं. घरात ते बरं चालायचं, पण गाडीत बसलं की वारा, टायर, हॉर्न, इंजिन सगळ्याचा एकच गोंधळ कानात शिरायचा. म्हणून गाडीत बसताना बाबा यंत्र काढून खिशात टाकायचे आणि सवयीच्या जोरावर गाडी हाकायचे.

एकदा मावशीकडून परत येताना हमरस्त्यावर पाण्याची नळी फुटली. इंजिन उकळायला लागलं. आधीचे बाबा असते तर पहिल्याच फुसफुसाटाला त्यांनी गाडी कडेला घेतली असती. आताच्या बाबांना कळलं ते बॉनेटमधून पांढरीशुभ्र वाफ उसळून समोरची काच दिसेनाशी झाली तेव्हा. मागून ट्रक, पुढे काही दिसत नाही, आणि शेजारी आई जिवाच्या आकांतानं त्यांच्या दंडाला धरून हलवतेय. कशीबशी गाडी कडेला लागली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. नळी बदलली, इंजिनही वाचलं.

पण त्या दिवसापासून गाडीवर जे कापड पडलं ते पडलंच. कुणी विचारलं तर बाबा म्हणायचे, "गुडघा धरलाय जरा."

ठकी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि दर सुट्टीला आईबाबांकडे यायची. नाव ठकी, माणूस मात्र चांगलं चाळिशी ओलांडलेलं, चष्मेवालं आणि भारदस्त. ती कवळ्या बनवायची. दाताचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचं माप घेऊन पाठवायचे आणि ठकीच्या लॅबमध्ये त्यावरून वरचे-खालचे दात घडायचे. कुणाच्या हिरडीला उंचवटा, कुणाला खळगा, आणि कवळी अशी बसली पाहिजे की माणूस ती विसरून गेला पाहिजे. त्या कामात ठकीचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"गुडघा बिडघा काही नाही," आईनं तिला स्वयंपाकघरात दबक्या आवाजात सांगितलं. दबका आवाज काढायची खरं तर काही गरज नव्हती. बाबा पलीकडच्या खोलीत यंत्र काढून बसले होते आणि त्यांना ढोल वाजला तरी कळला नसता. "सकाळी उठून बाहेर जातात, कापडाचं टोक उचलतात, आत बघतात आणि परत खाली सोडतात. मी खिडकीतून बघते ना. घाबरलेत गं. आणि मला म्हणतात, तू घाबरतेस म्हणून काढत नाही."

"आणि तू घाबरतेस का?"

"घाबरते तर! पण घरात बसून त्यांचं ते तोंड बघण्यापेक्षा घाबरलेलं परवडलं."

त्याच दुपारी ठकी मिस्त्रीकाकांच्या गॅरेजवर गेली. मिस्त्रीकाका म्हणजे बाबांचे डेपोपासूनचे दोस्त. बसांखाली झोपून त्यांच्या डोक्याचे केस गेले, असं ते स्वतःच सांगायचे. त्यांनी ऐकून घेतलं, हात पुसले आणि म्हणाले, "गाडीला धाड भरलेली नाही. त्याचे कान गेलेत, डोळे शाबूत आहेत. मग कानाचं काम डोळ्यांना द्या की. तीन मीटर लाव. एक पाण्याच्या तापमानाचा, एक तेलाच्या दाबाचा, एक बॅटरीचा. इंजिनाकडची जोडणी मी करतो. पण मीटर बसवायचे कुठं, ते तुझं तू बघ. त्या गाडीच्या डॅशबोर्डावर रिकामी जागा म्हणशील तर बोट ठेवायला नाही."

गाड्यांचं सामान विकणाऱ्या दुकानात ठकी पहिल्यांदाच शिरली. काउंटरमागच्या दुकानदाराला ती मीटर मागतेय म्हटल्यावर भलताच उत्साह आला.

"शर्यतीसाठी का, मॅडम?"

"वडिलांसाठी."

"वडील शर्यतीत उतरतात?"

"नाही हो. ते सध्या गाडीतसुद्धा उतरत नाहीत. म्हणजे चढत नाहीत."

दुकानदारानं खोक्यांवर खोकी काढली. मीटर निवडणं सोपं होतं. पांढरी तबकडी, जाड काळे आकडे आणि लाल काटा असलेले तीन तिनं बाजूला काढले. खरा घोळ होता तो ते बसवायच्या घरांचा. चष्म्याला जसं घर असतं तसं मीटरलाही लागतं, आणि त्यांचे नाना प्रकार. एक पुढच्या काचेच्या कडेच्या खांबावर चिकटायचं, वर-खाली दोन मीटर घेऊन. एक स्टिअरिंगच्या मागे टोपीसारखं बसायचं. एक डॅशबोर्डाच्या डोक्यावर ठेवायचं, तिन्ही मीटर एका ओळीत. ठकीनं गाडीचं नाव सांगितलं तशी दुकानदारानं मान हलवली. "तिच्यासाठी खास बनवलेलं काही मिळायचं नाही, मॅडम. ती माझ्या जन्माआधीची आहे. ही सगळ्या गाड्यांना चालणारी आहेत, नेऊन बघा. बसलं नाही तर परत आणा."

घरी ठकीनं खोकी उघडली तेव्हा बाबांनी ती लांबूनच पाहिली. मग जवळ येऊन पाहिली. मग यंत्र कानात नीट बसवून विचारलं, "हे काय? विमान घेतलंस?"

"तुमच्या गाडीला लावायचेत."

"गाडी मी काढत नाही. गुडघा..."

"बसायला कुठं गुडघा लागतो? नुसते बसा. मला जागा ठरवायचीय."

बाबा नाखुशीनं बसले. पण बसले. कापड निघालं, दार उघडलं, आणि स्टिअरिंगवर हात ठेवल्याबरोबर त्यांनी आपसूक आरसा नीट केला. ठकीनं ते पाहिलं आणि चिकटपट्टी काढली.

आधी खांबावरचं घर. दिसायला एकदम झोकदार. ठकीनं ते चिकटपट्टीनं तात्पुरतं लावलं आणि आईला म्हणाली, "तू जरा फाटकापासून त्या कोपऱ्यापर्यंत चालत जा. रस्ता ओलांडतेयस असं समज."

आई पदर सावरून निघाली. निम्म्या वाटेवर बाबा म्हणाले, "गेली."

"कुठं गेली?"

"दिसत नाही. या डब्यामागे गेली. अख्खी."

ठकीनं त्यांच्या डोक्याला डोकं लावून पाहिलं. खरंच, वर-खाली दोन मीटरांमागे आई सबंध लुप्त झाली होती. वळणावर असं एखादं माणूस लुप्त झालं तर?

"बाबा, हे नको. आई दिसत नाही."

"मग हेच बसव," बाबा म्हणाले.

आईनं कोपऱ्यावरून ओरडून विचारलं, "काय म्हणताहेत ते?"

"तू छान चालतेस म्हणताहेत!" ठकी ओरडली. वाफेच्या दिवसानंतर बाबांनी केलेला हा पहिला विनोद होता, आणि तो आपण केला हे लक्षात आल्यावर ते स्वतःच थोडे चपापले.

स्टिअरिंगमागची टोपी एका मिनिटात बाद झाली. बस चालवणाऱ्या माणसाचा हात जिथं असतो, नेमका तिथंच तो मीटर लपत होता. डॅशबोर्डाच्या डोक्यावरचं घर तर बसेचना. कंपनीनं त्याचा तळ सपाट केलेला आणि निळ्या गाडीचा डॅशबोर्ड बैलाच्या वशिंडासारखा गोल. दाबून धरलं तर डुगडुगायचं. आणि ऊन आलं की तिन्ही पांढऱ्या तबकड्यांचं प्रतिबिंब काचेत पडायचं, जणू समोरच्या रस्त्यावर कुणी तीन चंद्र टांगलेत.

"परत कर सगळं," बाबा म्हणाले. पण उतरले नाहीत. स्टिअरिंगच्या बाजूला, मधल्या भागाकडे बघत राहिले. तिथं पूर्वी रेडिओ होता. तो गेल्यावर चौकोनी भोक उरलं होतं आणि आई त्यात आल्याच्या गोळ्या ठेवायची. "इथं बसले असते," ते पुटपुटले. "इथं नजर सहज जाते. पण भोक चौकोनी, कडा वाकड्या. इथं बसणारं घर जगात कुणी बनवलं नसेल."

ठकीनं बोटानं त्या कडा चाचपल्या. वरची कड आत गेलेली, डावीकडे एक उंचवटा, खाली खोल खळगा. तिला एकदम हसू फुटलं. अशी तोंडं तर ती रोज बघत होती!

दुसऱ्या सुट्टीला ती लॅबमधून मापाची पावडर, वाडगा आणि चपटा चमचा घेऊन आली. पावडरीत पाणी घालून तिनं भराभर फेटलं. गुलाबी, पुदिन्याच्या वासाचा लगदा तयार झाला. भोकाच्या आतून तिनं पातळ प्लास्टिक लावलं होतं. लगदा भोकात आणि भोवतीच्या कडांवर थापून ती हाताच्या तळव्यानं दाबून बसली.

"आता हलायचं नाही," ती सवयीनं म्हणाली.

"मला सांगतेस की गाडीला?" बाबांनी विचारलं.

"आणि थुंकायचं पण नाही," मागच्या सीटवरून आईनं भर घातली, आणि तिघंही हसायला लागली. ठकीला हसताना हात स्थिर ठेवावा लागत होता, त्यामुळे तिचे डोळे पाण्यानं भरले. लगदा घट्ट झाल्यावर तिनं तो अलगद सोडवला. रेडिओच्या भोकाचा सबंध चेहरामोहरा त्यात उमटला होता, एका स्क्रूच्या खुणेसकट.

त्या मापावरून लॅबमध्ये प्लास्टरचा ठसा झाला, ठशावर मेणाचा मुखवटा चढला. मुखवट्याला तीन वाट्या. वाट्यांचा कोन ठरवायला ठकी मेणाचं घर घेऊन पुन्हा गाडीत आली. बाबांना बसवून तिनं एकेक वाटी गरम सुरीनं सैल केली आणि ते म्हणतील तशी फिरवली. "जरा माझ्याकडे. अजून. फार झालं. हां." कवळी घातल्यावर पेशंटला दात चावायला लावून विचारावं, तसंच सगळं चाललं होतं.

फक्त एक अडचण निघाली. मीटर वाट्यांत ठेवले तेव्हा बाबा हनुवटी वर करायला लागले, मग खाली, मग परत वर. दाणा टिपणाऱ्या कोंबडीसारखे. त्यांचा चष्मा दोन भिंगांचा. वरच्यातून रस्ता दिसायचा, खालच्यातून पेपर. आणि मीटर नेमके दोन्हींच्या मधल्या रेघेत. आकडे पुसट दिसायचे.

ठकी हिरमुसली. एवढा घाट घातला आणि शेवटी आकडेच वाचता येत नाहीत! तिच्या चेहऱ्यावरून आईला कळलं आणि आई म्हणाली, "राहू दे गं. बघू दुसरं काहीतरी."

बाबा मात्र मीटरकडे टक लावून बघत होते. त्यांनी हात पुढे केला, पाण्याच्या मीटरची गोल डबी चिमटीत धरली आणि वाटीतल्या वाटीत फिरवली. आकडे तिरके झाले. अजून फिरवली.

"ठके, गाडी ठीक असताना पाणी किती असतं?"

"मिस्त्रीकाका नव्वद म्हणाले."

"मग नव्वद वर आण. अगदी डोक्यावर. तेलाचंही जे ठीक असेल ते डोक्यावर. बॅटरीचंही." त्यांचा आवाज चढला होता. "मला आकडे कशाला हवेत? मला काय परीक्षा द्यायचीय? तिन्ही काटे उभे असले की सगळं ठीक. एखादा कलला की समजायचं, बिघडलं. एवढं तर मला चष्म्याशिवायही दिसेल!"

ठकी त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिनं तिन्ही डब्या फिरवल्या. सगळे आकडे वेडेवाकडे, एक मीटर जवळजवळ आडवा झाला. पण काटे जिथं यायला हवेत ती तिन्ही ठिकाणं आता एका रेषेत वरच्या बाजूला होती. बाबांनी समोर बघता बघता नुसती नजर खाली टाकली आणि परत वर घेतली. हनुवटी जागच्या जागी.

"वा!" ते म्हणाले. स्वतःलाच म्हणाले.

आता उरलं मुखवटा पक्का करणं. कवळीचा लोखंडी साचा तळहाताएवढा असतो, त्यात सबंध मुखवटा मावेना. म्हणून ठकीनं तो तीन तुकड्यांत केला, मेणाच्या जागी कवळीचं प्लास्टिक भरून गरम पाण्यात शिजवला आणि मग जोडला. डॅशबोर्डाला जी बारीक सुरकुती होती ती साधायला तिनं आईच्या जुन्या पर्सचा तुकडा मेणावर दाबून घेतला होता. फक्त रंगाचा इलाज नव्हता. लॅबमध्ये एकच रंग, हिरडीचा. टेबलावर ओळीनं ठेवलेल्या कवळ्यांच्या शेजारी तो तीन भोकांचा गुलाबी ऐवज बघून लॅब चालवणाऱ्या बाई जागीच थबकल्या.

"हा कुणाचा जबडा?"

"एका म्हाताऱ्या पेशंटचा," ठकी म्हणाली.

"अगंबाई! पेशंट कुठाय?"

"अंगणात. पांघरूण घेऊन."

बाईंना खरं काय ते सांगितल्यावर त्या खुर्चीत बसून हसल्या आणि स्वतःच्या हातानं मुखवट्याच्या कडा घासून दिल्या. गुलाबी रंगावर काळा रंग चढल्यावर तो कवळीचा भाऊबंद आहे हे कुणाला सांगूनही पटलं नसतं.

बसवायच्या दिवशी मिस्त्रीकाका सकाळीच हत्यारांची पेटी घेऊन हजर झाले. त्यांनी पाण्याच्या नळीत एक जोड घातला, इंजिनाच्या कुशीत तेलाचा दाब हेरून मीटरला कळवणारा डोळा बसवला आणि वायरी मागे सोडल्या. बॉनेटमधून गाडीच्या आत यायला रबरी बुचातून वाट होती, पण वायर तिथून पुढे सरकेना. मिस्त्रीकाकांचा हात जाड, ठकीचा दंड जाड. बाबा वाकायला गेले तर त्यांचा गुडघा, ज्याचं इतके दिवस नुसतं नाव चाललं होतं, तो खरोखरच वाजला.

"सरका," आई म्हणाली. विणायची लांब सुई घेऊन ती डॅशबोर्डाखाली पाठीवर आडवी झाली, पाय दाराबाहेर. आतून थोडी खुडबूड, एक "अगं ये ना मेले" असा वायरीला उद्देशून शब्द, आणि सुईच्या टोकाला गुंडाळलेली वायर बाहेर आली. मिस्त्रीकाकांनी तिला सलाम ठोकला.

ठकीनं वायरी जोडल्या, मीटर वाट्यांत घातले, फिरवून जागेवर आणले, मागून पट्ट्या आवळल्या. मग तिनं मुखवटा भोकाशी नेला आणि श्वास रोखून दाबला. खट्ट. एवढाच आवाज झाला आणि तो बसला. कुठं फट नाही, कुठं डुगडुग नाही. जणू गाडी कारखान्यातून निघाली तेव्हापासून तो तिथंच होता.

"चालू करा," ती बाबांना म्हणाली.

बाबांनी किल्ली फिरवली. बॅटरीचा काटा ताडकन उभा राहिला. पाण्याचा काटा हळूहळू, आळोखेपिळोखे देत वर सरकू लागला. तेलाचा काटा मात्र जागचा हलला नाही.

बाबांनी झटक्यात इंजिन बंद केलं. त्यांचा चेहरा वाफेच्या दिवसासारखा झाला होता. "तेल नाही चढत. इंजिन गेलं."

"थांब रे, लगेच रडू नको." मिस्त्रीकाका बॉनेटमध्ये शिरले. त्यांनी वायर तपासली, डबी तपासली, मग स्वतःच बसवलेला तो तेलाचा डोळा पान्यानं खोलून हातात घेतला आणि कपाळावर हात मारला. "चूक माझी. गळू नये म्हणून आट्यांवर पांढरी पट्टी गुंडाळली, आणि ती इतकी गुंडाळली की याचा इंजिनाशी संबंधच राहिला नाही. याला लोखंडाला लोखंड लागावं लागतं, तेव्हा हा बोलतो. मी बिचाऱ्याच्या तोंडाला फडकं बांधलं!" त्यांनी पट्टी ओरबाडून काढली, डोळा पुन्हा आवळला. "लाव आता."

या वेळी तेलाचा काटा उसळी मारून वर गेला आणि थोडा डुलत उभा राहिला. काही वेळानं पाण्याचाही येऊन त्याच्या रांगेत लागला. तिन्ही काटे उभे. बाबांनी पायानं हळूच पेडल दाबलं, सोडलं. तेलाचा काटा तेवढ्यापुरता हलला आणि परत जागेवर आला. त्यांनी पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं. मग ते असे हसले की आईनं तोंड फिरवून विनाकारण सीटवरची धूळ झटकली.

"फाटक उघडा," बाबा म्हणाले.

ठरलं होतं ते असं, की चौकापर्यंत जायचं आणि परत यायचं. मिस्त्रीकाका गॅरेजवर उतरले. आई पुढे, ठकी मागे. चौक आला. बाबांनी चौक ओलांडला.

"अहो, वळायचं होतं ना?" आई म्हणाली.

बाबांना ऐकू आलं नाही, किंवा आलं. दोन्ही शक्य होतं. गाडी शहराबाहेर पडून धरणाच्या रस्त्याला लागली. खिडक्या बंद, आत गार हवा सोडलेली, बाबांचे खांदे सुरुवातीला कानांपर्यंत चढलेले. पण मैलामैलाला ते खाली येत होते. समोर रस्ता, खाली एक नजर, परत रस्ता.

डोंगराचा चढ लागला आणि पुढे दगड भरलेला एक ट्रक आडवा आला. गोगलगायीसारखा चालला होता. त्याच्या मागे गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडायला लागली. ठकी मागून मीटरकडेच बघत होती, पण पहिल्यांदा दिसलं ते आईला.

"कलला!" ती ओरडली आणि तिनं बाबांच्या मांडीवर चापट मारली. "अहो, पाण्याचा कलला!"

पाण्याचा काटा खरंच उजवीकडे झुकला होता. अजून थोडा झुकला. ठकीला वाटलं, आता बाबा गाडी टाकून देतील, आणि पुन्हा कधी तिच्याजवळ फिरकायचे नाहीत.

बाबांनी काट्याकडे पाहिलं. मग, बसमध्ये पुढचा थांबा सांगावा तितक्या थंडपणे, त्यांनी गार हवा बंद केली, हीटर पुरता उघडला आणि म्हणाले, "काचा खाली करा. आता जरा भट्टी होईल. इंजिनाची उष्णता आपल्याकडे घेतोय."

भट्टीच झाली. आईनं पदरानं वारा घ्यायला सुरुवात केली, ठकीचा चष्मा घामानं घसरला. बाबांनी ट्रकला पुढे जाऊ दिलं, त्याच्या धुरापासून मोकळं अंतर ठेवलं आणि गाडी एका लयीत वर काढत राहिले. काटा थांबला. थरथरला. मग हळूहळू मागे यायला लागला.

"येतोय!" आई म्हणाली. "आला... आला... अजून जरासा... उभा!" आणि तिनं चक्क टाळी वाजवली.

बाबा घामानं निथळत होते आणि गात होते. बेसूर, मोठ्यांदा, शब्द सोडून नुसती चाल. त्यांना स्वतःला ती ऐकू येत होती की नाही कोण जाणे.

धरणावर पोचल्यावर त्यांनी चहाच्या टपरीसमोर गाडी लावली. खाली पाणी चमकत होतं, वारा सुटला होता. ठकी चहा घेऊन येईपर्यंत गाडीच्या खिडकीत एक गृहस्थ डोकावून उभे होते. त्यांचीही तशीच चौकोनी तोंडाची जुनी गाडी बाजूला होती, पिवळी.

"छान बसवलेत हो मीटर," ते बाबांना म्हणत होते. "पण तुमच्या कारागिरानं गडबड केलेली दिसतेय. आकडे सगळे तिरके."

बाबांनी यंत्र कानात घातलं आणि त्यांना ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग त्यांनी गृहस्थांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. किल्ली फिरवून दाखवली. काटे उभे का, नव्वद डोक्यावर का, खांबावर घर बसवलं की बायको कशी नाहीशी होते, सगळं हातवारे करून समजावलं. आईचा चहा संपला. ठकीचा संपला. बाबांचा गार झाला.

"कुठल्या दुकानात मिळालं हे?" गृहस्थांनी मुखवट्यावरून बोट फिरवत विचारलं.

"दुकानात मिळत नाही. माझ्या मुलीनं केलं. माप घेऊन."

"अरे वा! त्या इंजिनिअर आहेत का?"

"छे," बाबा छाती पुढे काढून म्हणाले. "ती कवळ्या करते."

गृहस्थांनी बोट पटकन मागे घेतलं. आईला हसताना ठसका लागला, ठकीनं तिची पाठ चोळली, आणि बाबांनी टपरीवाल्याकडे बघून बोटांनी खूण केली: चौघांना, गरम. मग ते पिवळ्या गाडीकडे वळले आणि तिच्या खिडकीतून आत वाकून बघत ओरडले, "ठके, इकडे ये जरा! हिचं भोक बघ, आपल्यापेक्षा रुंद आहे!"